भेकराचं उष्टं

मार्गशीर्ष लागला की आमच्या मळ्यात भेकर येतं. यंदाही आलं. परवा सकाळी वहिनी मळ्यातून हात हलवत परत आली, चुलीपुढे पाय शेकायला बसली आणि म्हणाली, "आलंय." मी पुढे काही विचारलं नाही. पावट्याचे शेंडे गेले असणार, मुळ्याचा पाला गेला असणार, लाल माठाचा वाफा निम्मा झाला असणार आणि वांगी जिथल्या तिथे असणार, हे मला घरात बसून सांगता येतं. इतक्या वर्षांत त्यात काही बदल झालेला नाही.

भेकर म्हणजे हरणाच्या जातीतलं लहानखुरं जनावर. बकरीएवढं, तांबूस, मान खाली घालून चालणारं. दिसायला गरीब, पण ओरडतं कुत्र्यासारखं. घरामागच्या उघड्या कातळाला आम्ही सडा म्हणतो. तिन्हीसांजेला सड्यावरच्या करवंदीच्या जाळीतून तो आवाज आला की नवखा माणूस म्हणतो, कोणाचं कुत्रं चुकलंय वाटतं. आम्ही तसं म्हणत नाही. वहिनी हातातली वात तशीच धरून थांबते, मी वाचत असले तर ओळीवर बोट ठेवते, आणि आवाज थांबला की दोघी आपापल्या कामाला लागतो. एकमेकींकडे बघायचं मात्र टाळतो.

मुग्धाने, माझ्या मावसबहिणीच्या मुलीने, पुण्याहून फोनवर उपाय सांगितले. ती तिथे नोकरी करते आणि तिला सगळं वाचून माहीत असतं. वाफ्यांच्या कडेने कांदा-लसूण लावा, उग्र वासाला हरणं येत नाहीत. मिरची लावा. कुंपणाला साबणाच्या वड्या बांधा, न्हाव्याकडून केस आणून पसरा. नाहीतर सरळ विजेची तार ओढून घ्या, मी पैसे पाठवते. वहिनी सगळ्याला "बरं बाय" म्हणाली, फोन माझ्या हातात दिला आणि कोयती घेऊन कुंपणाच्या बाहेरची पट्टी साफ करायला गेली. तिथे तिने माठाचं बी फेकलं. मुग्धाला हे कळलं तर ती कपाळावर हात मारून घेईल. तिला आम्ही बरंच काही सांगितलेलं नाही, त्यात हेही एक.

खरं तर भेकराच्या जिभेचा मी बऱ्यापैकी अभ्यास केला आहे. मी रत्नागिरीला मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत होते, त्यामुळे बघितलेल्या गोष्टीचं वर्गीकरण केल्याशिवाय मला चैन पडत नाही. कोवळं, रसाळ, वासाने सौम्य असेल ते भेकराला चालतं. चवळीचा पाला, रताळ्याचे वेल, पावट्याचे शेंडे. मुळा ते उपटत नाही, वरचा पाला तेवढा खातं आणि पांढरी बोडकी तशीच मातीत ठेवून जातं. भोपळ्याच्या केसाळ पानाला तोंड लावत नाही, फूल मात्र चापून खातं. लाल माठावर तर त्याचा जीव. वांग्याच्या पानाला लव असते, देठाला काटे असतात, ते नको. मिरची नको, कांदा नको, अळू नको, कारल्याचा वेल तर वास घेऊनच सोडून देतं. भेकराला पुढचे वरचे दात नसतात, त्यामुळे ते पाला कापत नाही, ओढून तोडतं. ससा खातो तिथे कात्रीने कापल्यासारखी कड राहते आणि भेकर खातं तिथे फाटकी, दोरे निघालेली. या शेवटच्या गोष्टीवर एका हंगामात आमच्या घरातला एक जीव अडकून होता.

आरे-वारेचा रस्ता धरून निघालं आणि मालगुंडच्या अलीकडे वर चढलं की आमची वाडी लागते. वर सडा, मधे घरं, खाली भाताच्या मळ्यांची उतरण आणि त्याच्याही खाली समुद्र. आमच्या पुढच्या दारात उभं राहिलं की समोर दुसरं काहीच नाही, फक्त पाणी. पाहुण्यांना याचं भारी कौतुक. अंगणात उभे राहून फोटो काढतात आणि म्हणतात, तुम्ही किती नशीबवान. ज्या हंगामाचं मी म्हणतेय त्या वर्षी आईने पुढचं दार लावून घेतलं होतं. परसदारीच यायचं आणि परसदारीच जायचं. ज्याला माहीत नव्हतं तो पुढच्या दाराची कडी वाजवून वाजवून परत जायचा.

त्या वर्षी गणपती गेले आणि दादाची बातमी आली. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, बोटीवर खलाशी होता. कुठल्या तरी लांबच्या बंदराच्या अलीकडे एका सकाळी तो बोटीवर नव्हता, एवढंच कळलं. शोध घेतला, सापडला नाही. बेपत्ता. हा शब्द मी तोवर वर्तमानपत्रात पुष्कळदा वाचला होता. तो घरात आल्यावर काय करतो ते तेव्हा बघितलं. मेला म्हणावं तर कोणी बघितलेलं नाही, आहे म्हणावं तर कुठे ते सांगता येत नाही. वहिनीने कुंकू लावायचं की नाही, हा प्रश्न रोज सकाळी आरशासमोर नव्याने उभा राहायचा. ती लावायची. पण आधी परसात कोणी आहे का ते बघून लावायची.

आईने आधी मासे सोडले. आमच्यासारख्या घरात मासे सोडणं म्हणजे अर्धं जेवण सोडणं. ती म्हणाली, "ज्या पाण्यात माझं पोर हाय, त्या पाण्यातलं मी खाणार नाय." मग एक एक करत डाळ गेली, भाजी गेली. पेज तेवढी घ्यायची, तीही वहिनी वाटी धरून बसली तर. भातकापणीच्या दिवसांत जी बाई विळा घेऊन पोरींना मागे टाकायची, ती कापणीला उंबऱ्यावर बसून राहिली. मी शनिवारी संध्याकाळच्या एसटीने यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जायचे. दर शनिवारी मला आई थोडी कमी दिसायची. गालाची हाडं वर आली होती, बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. डॉक्टर म्हणाले, रोग काही नाही, यांना जेवायला घाला. जणू आम्ही घालत नव्हतो.

आमची चुलत काकू खालच्या वाडीत राहायची. ती आणि अण्णाकाका दर आठ-पंधरा दिवसांनी यायचे आणि एकच गोष्ट सांगायचे. दर्भाचा पुतळा करून क्रियाकर्म उरकून टाका. माणूस असा अधांतरी ठेवणं बरं नाही, त्यालाही सुटका नाही आणि घरालाही. त्यांचं काही चुकत होतं असं नाही. आमच्याकडे समुद्रावर गेलेल्यांची घरं आहेत, अशी वेळ पूर्वीही आलेली आहे. पण आई भिंतीकडे तोंड करून पडायची आणि तेवढंच विचारायची, "बघितलाय कोणी?"

भात निघाल्यावर जमिनीत ओल असते, त्या ओलीवर आम्ही भाजी करतो. त्या वर्षी कोण करणार असं वाटलं होतं. पण वहिनीने एकटीने कुदळ मारली, वाफे बांधले, विहिरीवरून पाणी आणून शिंपलं. ती मंडणगडकडची, डोंगरातली. काम करताना तोंडातून शब्द काढत नाही. कुंपणाला करवंदीच्या काट्या लावल्या, पण सड्याच्या बाजूला काट्या कमी पडल्या आणि तिथे फट राहिली. त्या फटीतून भेकर आलं.

पहिल्यांदा ते आलं तो रविवार होता, म्हणून मला आठवतंय. वहिनीने येऊन सांगितलं की वाफा खाऊन गेलं काहीतरी. आई पडून होती ती उठून बसली. "काय खाल्लंन?" वहिनीने सांगितलं. मग आईने विचारलं, "आणि वांगी?" वहिनी म्हणाली, वांग्याला तोंडसुद्धा लावलेलं नाही. आई उठली. भिंतीला धरत परसात आली, पायऱ्या उतरली, मळ्यात गेली. मी आणि वहिनी दोन्ही बाजूंनी चाललो होतो, ती पडेल म्हणून. वाफ्याशी ती खाली बसली आणि फाटक्या देठावरून तिने बोट फिरवलं.

आता दादाचं सांगायला हवं. दादाने जन्मात वांगं खाल्लं नाही. लहानपणी पानात वाढलं तर उचलून माझ्या पानात टाकायचा, मोठेपणी बायकोच्या पानात टाकायला लागला. मिरचीची फोडणी असेल तर मिरच्या वेचून पानाच्या कडेला रांगेत लावायचा. आणि लाल माठ. रजेवर आला की पहिल्या दिवशी माठाची भाजी आणि भात, भात पार जांभळा होईपर्यंत कालवायचा. बोटीवर सगळं मिळतं, माठ मिळत नाही, असं म्हणायचा.

आई वाफ्यात बसून म्हणाली, "वांगं सारलंन बघ बाजूला." अगदी साध्या आवाजात म्हणाली. शाळेतून आलेल्या पोराने डबा अर्धा आणला तर आई जशी बोलते, तशी. मी शास्त्राची बाई, मला सांगता आलं असतं की जगातलं प्रत्येक भेकर वांगं बाजूला सारतं, आणि कोकणातली निम्मी पोरंही. पण आईने तोवर भेकराने अर्धवट टाकलेल्या माठाच्या काड्या खुडून ओटीत घेतल्या होत्या. "ही भाजी कर," ती वहिनीला म्हणाली. त्या दुपारी आईने भात खाल्ला. मूठभर असेल, पण खाल्ला, आणि पान स्वच्छ केलं.

मग तो रिवाजच पडला. सकाळी वहिनी मळ्यात जाऊन यायची आणि आई विचारायची, काय खाल्लंन आज. चवळी खाल्ली असेल तर चवळीचा पाला, मुळा खाल्ला असेल तर मुळ्याचा. जे उष्टं असेल तेच आईच्या पानात. भेकर आलं नाही त्या दिवशी आई जेवायची नाही. घरात काय शिजायचं ते आता सड्यावरून ठरत होतं. मेलेल्या माणसासाठी आमच्याकडे पानावर जेवण वाढून बाहेर ठेवतात, त्याला वाडी म्हणतात. काकूने एकदा सुचवलं, तशी वाडी तरी ठेवा त्याच्या नावाने. आईने साफ नकार दिला. वाडी गेलेल्याला ठेवतात, आणि माझं पोर स्वतःच्या पायाने येऊन जेवून जातंय, असं ती म्हणाली. काकूने माझ्याकडे बघितलं. मी विहिरीवर निघून गेले.

त्या दिवसांतलं घर मला अजून तसंच आठवतं. धुकं सड्यावरून सरकत खाली यायचं आणि दाराशी थांबायचं. आंब्याला मोहोर धरत होता, त्याचा वास आणि खालून समुद्राचा आवाज. संध्याकाळी भेकर ओरडायचं आणि आई परसदाराच्या उंबऱ्यावर बसून ऐकायची. कधी हळूच काहीतरी बोलायची, बाहेर बघून. वहिनी चुलीपाशी असायची. नवऱ्याचा आवाज कुत्र्यासारखा झाला आहे असं सासू म्हणते, आणि आपण त्यावर भाकरी थापायची. ती काय मानत होती ते मला कधीच नीट कळलं नाही. मीही काय मानत होते कोण जाणे. एका संध्याकाळी विहिरीवरून येताना मी ते कुंपणाच्या फटीत उभं असलेलं बघितलं. ते माझ्याकडे बघत राहिलं, पळालं नाही. मी दबक्या आवाजात "दादा" म्हटलं. मग ते गेलं. आजवर हे मी वहिनीलासुद्धा सांगितलेलं नाही.

आईच्या अंगावर थोडं मांस चढलं. पौष उजाडेपर्यंत ती परसात झाडायला लागली होती. आम्हाला वाटलं, निभावलं.

पौषातल्या एका रविवारी मला लवकर जाग आली. फटफटत होतं. वहिनीचं अंथरूण रिकामं होतं. मी परसात आले तर मळ्यात, धुक्यात, माठाच्या वाफ्यावर भेकर वाकलेलं दिसलं. मी पायरीवरच थांबले. मग त्या भेकराने पदर खोचला.

वहिनी हात-गुडघे टेकून वाफ्यात होती. तोंड खाली घालून तिने माठाचं पान दातांत धरलं, मान हिसडली, पान फाटलं. ते चावून गिळलं आणि पुढच्या रोपाकडे सरकली. मधेच थांबून तिने दोन बोटं जवळ धरून ओल्या मातीत रुतवली, थोड्या अंतरावर पुन्हा रुतवली. भेकराचं पाऊल तस्संच उमटतं, दोन बोटांएवढं. मी तिला हाक मारली नाही, पण तिला चाहूल लागली. तिने वर बघितलं. केसांवर दंव होतं, तोंडाभोवती लाल. मला तिची भीती वाटली. माझ्या वहिनीची मला क्षणभर खरोखर भीती वाटली.

मग तिने तिथेच बसून सांगितलं. शेजारच्या शांतारामने डुकरांसाठी ओहोळाच्या वाटेवर तारेची फासकी लावली होती, त्यात ते सापडलं. शांतारामला आमच्या घरातलं ठाऊक होतं. तो भल्या सकाळी परसदारी येऊन रडत उभा राहिला. एरवी फासकीत काही सापडलं तर घरोघर वाटा जातो, पण त्याने वाटा केला नाही. दोघांनी मिळून सड्यावर नेऊन ते पुरलं आणि वर कातळाचे तुकडे रचले. कोणालाही सांगायचं नाही असं ठरलं. त्या दिवशी वहिनीने हाताने माठ खुडून ठेवला आणि आईला सांगितलं की आलं होतं. आई वाफ्यावर आली, देठ बघितलं आणि म्हणाली, हा हाताने खुडलेला आहे, मळ्यात कोण आलं होतं? त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे वहिनी मळ्यात उतरली.

"हाताने खुडला तर आईंना कळतं, कुंदाताई," ती म्हणाली. "दातांनी ओढला तर नाय कळत."

मी म्हटलं, हे किती दिवस चालणार? ती म्हणाली, माठ आहे तोवर. आणि मग? त्यावर तिने साडीची माती झटकली आणि उठली. चहा टाकायला हवा होता.

सोमवारी मी एसटीत बसले तेव्हा खिडकीतून समुद्र दिसत होता. आईला सांगावं तर ती पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, आणि या वेळी परत वळणार नाही. न सांगावं तर ही बाई रोज पहाटे गुरासारखी वाफ्यात चरणार. ती तिचा नवरा हरवून बसली होती आणि पहाटे उठून त्याचीच जागा चालवत होती, हे मला त्या गाडीत बसल्या बसल्या कळलं. दिवसा बायको, पहाटे भेकर. आम्ही सगळे आईचा मुलगा गेला म्हणत होतो. वहिनीचं काय गेलं ते कोणी तिच्यासमोर म्हटल्याचं मला आठवत नाही.

परवा वहिनीने कुंपणाबाहेर बी फेकलं तेव्हा मी नुसती बघत होते. या वयात तिचे गुडघे दुखतात, खाली बसताना हाताचा आधार घेते. मला वाटलं होतं की त्या हंगामानंतर तिला भेकराचा तिटकारा येईल. तसं झालं नाही. उलट मीच अजून लाल माठ चावताना थबकते. मंडईत माठाच्या जुड्या रचलेल्या दिसल्या की मी दुसऱ्या बाजूने जाते. माणसाला काय झपाटेल त्याचा काही नेम नाही. ज्याने दादा घेतला त्या समुद्राचं मला काही वाटत नाही. मला पालेभाजीची भीती वाटते.

लाल माठ कच्चा चावला की रंग सुटतो. ओठांना लागतो, दातांच्या फटीत बसतो, आणि रोज चावला तर चुळा भरून जात नाही. वहिनीला हे कळत होतं, ती राखुंडीने दात घासायची, तोंडावर पदर धरून बोलायची. पण पाणवठ्यावर बायकांची नजर चुकत नाही. माघाच्या सुरुवातीला, मी घरी असताना, काकू आली. परसात आईच्या शेजारी बसली. वहिनी चुलीपाशी होती, दार उघडं होतं. काकूने आवाज खाली केला, पण तिला जितका खाली करता येतो तितकाच. वाडीत बोलतात म्हणाली. नवऱ्याचा पत्ता नाही आणि ही सकाळी सकाळी विडा चघळून ओठ रंगवून फिरते. कोणासाठी? शांताराम परसदारी येताना दिसला आहे लोकांना. मला बोलायचं नव्हतं, पण तुमच्या घराची अब्रू आहे.

चुलीपाशी काहीच हललं नाही. वहिनीने एका शब्दात स्वतःला सोडवून घेतलं असतं, पण त्या एका शब्दाने आईचं जेवण गेलं असतं. मी उठले, मला काकूला काहीतरी बोलायचं होतं. आईने माझ्या हाताला धरून खाली बसवलं. त्या हातात आता जोर आला होता.

"माझी सून विडा खात नाय," आई काकूला म्हणाली. "ती काय खाते ते मला ठाऊक हाय. तू चहा घे आणि जा."

काकू चहा न घेताच गेली. आई थोडा वेळ सड्याकडे बघत बसली. मग उठून आत गेली. वहिनी पाटावर बसली होती, तोंडावर पदर घट्ट धरून. आईने तिच्या हातातून पदर सोडवला, हनुवटीला धरून तोंड दाराच्या उजेडाकडे वळवलं. आपल्या पदराचं टोक पाण्यात बुडवून तिचे ओठ पुसायला लागली. रंग जात नव्हता. आई पुसत राहिली.

"उद्यापासून पहाटे वाफ्यात जाऊ नको गो," ती म्हणाली. "दंव पडतं, बाधेल. मी जेवेन तशीच."

वहिनीने विचारलं, "कधी कळलं तुम्हांला?"

"पहिल्याच दिवशी. बाहेर आलेली, धुक्यात दिसलीस. तू माझ्यासाठी पाला चावतेस, आणि मी भात टाकून उठू?" आईने पदर पिळला. "भेकर मेलं ना?"

वहिनीने मान हलवली.

"आणि तोही," आई म्हणाली. "तोही गेला."

आमच्या घरात हे कोणी पहिल्यांदाच म्हणत होतं. वहिनीने तेव्हा जो आवाज काढला तो मी वर्षानुवर्षं ऐकते आहे, पण त्याबद्दल मला लिहिता येत नाही. आईने तिला पोटाशी धरलं. मी दाराला टेकून उभी होते. बाहेर ऊन चढत होतं. वहिनी शांत झाल्यावर आईने मला सांगितलं, अण्णांकडे जा, भटजींना कधी वेळ आहे ते विचारून ये. मी निघाले तर मागे बोलावून म्हणाली, नंतर जा. आधी पानं घे.

मी तिच्यासाठी पान घेतलं. ती म्हणाली, दोन घे. आमच्याकडे सून मागाहून जेवते. त्या दिवशी आईने वहिनीला ओढून आपल्या शेजारी बसवलं, भात कालवला आणि स्वतः जेवायच्या आधी पहिला घास तिला भरवला. वहिनीने तोंड उघडलं. तिचे दात अजून लाल होते.